आत्याचे वाफे, नितीनचे पाइप

भाद्रपद लागला की महाडच्या बाजारात रस्त्याच्या कडेला ऋषीच्या भाजीचे वाटे मांडलेले दिसतात. अळूची पानं, लाल माठाची जुडी, भेंड्या, भोपळ्याची फोड, शिराळ्याचा तुकडा, अर्धं कणीस. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हाताने खणून लावलेलंच खायचं, असा नेम. आता वाट्यातली कुठली भेंडी हाताने लावलेली आणि कुठली ट्रॅक्टरच्या सरीतली, हे कोण सांगणार? तरी बायका घासाघीस करून घेतात. मीही घेते. खरं तर मला विकत घ्यायची गरज नसते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी स्वतः भाजी लावते, आणि या दिवसांत ती घरच्यांना पुरून उरते.

गच्चीवर तीन तऱ्हा आहेत. एका कोपऱ्यात विटा रचून, खाली जाड प्लास्टिक अंथरून केलेला मातीचा वाफा. कठड्याला लागून पिशव्या, त्यांत माती, पालापाचोळा आणि नारळाचा भुसा. आणि जिन्याच्या टपाखाली मासळीवाल्याकडून मागून आणलेले थर्माकोलचे खोके, ज्यांत माती अजिबात नाही. खोक्यात खताचं पाणी, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यांत रोपं. मुळं खाली पाण्यात लोंबतात. पाणी जसं उतरतं तशी ती त्याच्या मागे लांब होत जातात, आणि वरचा भाग हवेत राहून श्वास घेतो. पाणी काठोकाठ भरलं की रोप गुदमरतं. उजेड आत शिरला की शेवाळ धरतं. एवढं सांभाळलं की पालक आणि कोथिंबीर इतकी देखणी येते की शेजारणी आधी फोटो काढतात, मग मागतात.

कुणी विचारलं की यांतलं चांगलं कुठलं, तर मी सरळ सांगते. पाल्याची भाजी पाण्यात लावा, फळभाजी मातीत. माती चूक पोटात घालते, चार दिवस विसरलात तरी थांबते. पाणी थांबत नाही. पिशवी दोघांच्या मधली, उन्हाळ्यात दोन वेळा मागते आणि पावसात दगडासारखी जड होते. हे सांगताना माझा आवाज अगदी साधा असतो. ऐकणाऱ्याला कळत नाही की माती-पाण्याचं हे मी एकाच पावसाळ्यात, माहेरच्या परसात बसून पाहिलं. त्या वर्षी माती आणि पाणी यांची तुलना आमच्या घरात रोज, दोन्ही वेळच्या ताटात व्हायची.

मी तेव्हा पहिलटकरीण होते. बाळंतपणासाठी शिवथरच्या खोऱ्यात माहेरी आले होते, आषाढ लागता लागता. आमचं घर वाडीच्या शेवटाला. पुढे अंगण, मागे परस, परसामागे फणस आणि मग थेट चढण. परस होता हौसाआत्याचा. म्हणजे जमीन बाबांचीच, पण तिथे राबायची ती. हौसाआत्या बाबांची थोरली बहीण. तिला पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत दिली होती. मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि आत्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन भावाकडे परत आली. तेव्हा मी शाळेत होते. यापुढचं कुणी बोलायचं नाही, तीही नाही.

आत्या त्या घरात भाजीवर राहत होती. आईने तसं कधी शब्दांत म्हटलं नाही. पण रोज सकाळी आत्याची टोपली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की मगच तिच्या वाटचा चहा चुलीवर चढायचा. पावसापाण्यात टोपली उशिरा आली तर चहाही उशिरा. इतक्या वर्षांत दोघींना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ती वाफे कसे करायची ते आठवतं. आमच्याकडच्या पावसात सपाट जमिनीत बी टाकलं तर ते ओढ्याला जाऊन मिळतं. म्हणून ती गादीवाफे करायची, गुडघ्याइतके उंच, कडेने दगड बसवलेले. आत शेणखत, पाचोळा, चुलीतली राख. त्यावर बांबूचा मांडव आणि मांडवावर काकडी, शिराळी, कारली, पडवळ. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला ती सुतळीने दगड बांधायची. दगडाच्या ओझ्याने पडवळ सरळ खाली येत राहायचं.

"दुखत नसेल त्याला?" मी लहानपणी विचारलं होतं.

"दुखल्याबिगर सरळ कोन होतंय गो?" ती म्हणाली होती.

ती मायाळू बागवान नव्हती, हे सांगायला हवं. सकाळी ती पानांखालच्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकायची. डब्यात फेस यायचा, ती तिकडे बघायचीही नाही. दाट उगवलेल्या माठातली किडकिडी रोपं चिमटीने उपटून बांधावर फेकायची. कुठल्याही भाजीवाल्या हाताला हे करावंच लागतं. गच्चीवर मीही करते.

त्याच आषाढात माझा धाकटा भाऊ नितीन मुंबईहून कायमचा परत आला. त्याची कंपनी बंद पडली होती. टेम्पोतून त्याने पांढरे जाड पाइप, लोखंडी घोडे, एक निळा पिंप, छोटा पंप, इन्व्हर्टर आणि हिरवी जाळी आणली. पाइपांना गोल भोकं पाडलेली. घोड्यांवर पाइप किंचित उतरते ठेवायचे, पंपाने खताचं पाणी वरच्या टोकाला सोडायचं, ते मुळं भिजवत खाली येऊन परत पिंपात पडायचं. महाबळेश्वरच्या हॉटेलांना सॅलडचा पाला हवा असतो, आंबेनळी चढलं की गिऱ्हाईक तयार, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता. नितीनला मी आजही नावं ठेवत नाही. त्याने मेहनत केली आणि त्याचं जमलं.

पण पाइपांना सपाट, उजेडाची जागा हवी होती, आणि तशी जागा परसात एकच होती.

"आत्या, तुझे वाफे जरा फणसाखाली सरकव ना," नितीन हसत म्हणाला. "तुझी माती म्हणजे रोगांचं माहेर हाय. माझ्या सिस्टमला लागलं तर सगळं खलास."

"फनसाखाली सावली हाय रे. आनि चढनीचं पानी तिथनंच उतरतं."

"मग दगड लाव अजून. तुला काय, सवय हाय."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पोराचं पोट त्याच्यावर हाय. तुझं काय, चार शिराळी कुठंबी येतील."

बाबा गोठ्याकडे निघून गेले. आत्याने ओल्या मातीची घमेली एकटीने वाहिली. मी पोट धरून ओटीवर बसले होते. उठले तर म्हणाली, "तू बस गो. तुझ्या पोटातलं माझ्यावर नको यायला."

श्रावणभर पाऊस नुसता धरून राहिला. जाळीखाली, प्लास्टिकच्या छपराखाली नितीनचा पालक मात्र कोरड्या अंगाने वाढत होता. पानाला एक भोक नाही, देठाला माती नाही. त्याला वरून निवारा होता, आणि तेवढा त्याला पुरे होता. फणसाखाली आत्याच्या वाफ्यांवर पानांवरून टपोरे थेंब पडून माती उसळायची. भेंडीची रोपं मान टाकून मेली. माठ कुजला. मांडवावरचे वेल तेवढे तग धरून होते, तर एक दिवस वानरं आली आणि कोवळी फळं अर्धी अर्धी चावून टाकून गेली. जाळीमुळे त्यांना नितीनच्या पाइपांत शिरता आलं नाही.

मग ताटाचं सुरू झालं. आई माझ्या ताटात पाइपातला पालक वाढायची. आत्याचं शिराळं असलं तर ते बाबांच्या ताटात.

"मलापण दे ना शिराळं," मी एकदा म्हटलं.

आत्या तिथेच पाटावर बसली होती. आई तिच्यासमोर म्हणाली, "तू नको खाऊस. जिचं स्वतःचं पोट कधी भरलं नाय, तिच्या हातचं भरल्या पोटाला चालत नाय. उगाच कशाला परीक्षा?"

आत्याने भात कालवला आणि जेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई झोपल्यावर मी फणसाखाली गेले. तिने मांडवातली एक काकडी तोडली, साडीच्या पदराला पुसली, विळ्याने चिरून मीठ लावून दिली. मी खात होते आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, दाराकडे नजर ठेवून. काकडी गोड होती. आजतागायत तशी मी कुठल्याही तऱ्हेने पिकवू शकलेले नाही.

एकदा नितीन भाजीचे क्रेट घेऊन घाट चढून गेला आणि मागे दरड आली. तो वर अडकला. इकडे वीज गेली. इन्व्हर्टर काही वेळ चालला आणि मग पंप थांबला. पाण्याची ही तऱ्हा मी तेव्हा प्रथम पाहिली. मातीतलं झाड दिवसभर उन्हात तग धरतं. पाइपातलं पाणी ओसरल्यावर तासाभरात पानं मलूल झाली. आत्याने एक पेला उचलून पाहिला. खाली पांढरी मुळं लोंबत होती, ओली, नुसती.

"ह्यांना झाकायला काय नाय गो," ती म्हणाली. "उघड्यावर टाकलीत पोरं."

मग तिने तांब्या घेतला. वरच्या टोकाला पाणी ओतायचं, ते खालच्या पिंपात आलं की भरून पुन्हा वर ओतायचं. पिंपातलं कमी पडलं तेव्हा विहिरीचं घातलं. एकेका पाइपाला, दिवेलागणीला नितीन दुसऱ्या वाटेने घरी पोचेपर्यंत. भाजी वाचली. नितीन खूश झाला, "आत्या, तू तर माझा पंपच हाय!" असं म्हणाला आणि आंघोळीला गेला.

काही दिवसांनी खालची पानं पिवळी पडू लागली. नितीनने मीटर बुडवून पाहिलं आणि सांगितलं की साध्या पाण्याने खत पातळ झालंय. एवढंच. राग नव्हता त्याच्या आवाजात. पण आई परसात आली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जिथं हात लावील तिथं पिवळं! स्वतःचं कुजवलंस ते पुरं नाय झालं, आता पोराचं कुजव."

आत्या म्हणाली, "मेली असती गं वहिनी."

"मेली असती तर मेली असती. तुझ्या हातनं जगायला नको होती."

तेव्हापासून सकाळी नितीनची टोपली आधी आत जाऊ लागली. आत्याचा चहा कुणी अडवला नाही. तो चुलीवर चढवायचंच आईच्या लक्षात राहीना, आणि आत्याने आठवण केली नाही.

गणपती आले. मुंबईची माणसं वाडीत उतरली, घर भरलं. ऋषिपंचमीची भाजी आमच्याकडे दर वर्षी आत्याच्या परसातली असायची. दोन घरं सोडूनच्या बायकाही तिच्याकडून अळू न्यायच्या. त्या दिवशी पहाटे तिने फणसाखालून जे निघेल ते गोळा केलं. अळू, दोन शिराळी, कारलं, कुजण्यातून वाचलेला मूठभर माठ. टोपली धुऊन तिने उंबऱ्याशी ठेवली. आत आईची भाजी चिरून झालेली होती. हिरवागार पालक, नितीनचाच लाल माठ.

"हे कसं चालेल गं ऋषीला?" एका चुलतीने विचारलं.

आई हसली. "बैल सोड, ह्या भाजीला मातीचेसुद्धा कष्ट नाय! ह्याच्याहून सोवळी भाजी कुठली?"

सगळ्या हसल्या. आत्या उंबऱ्यावर उभी होती. तीही थोडी हसली, सगळ्या हसतात म्हणून. मग टोपली उचलून गोठ्यात गेली आणि गाईपुढे रिकामी करून आली. तिचा उपास होता आणि तो त्याच भाजीवर सोडायचा होता. ती पंगतीला बसली, पाइपातली भाजी तिने पान पुसून खाल्ली, आणि आईला म्हणाली, "मीठ बरोबर पडलंय." त्या हसण्याहून हे वाक्य मला जास्त लागलं. भांडली असती, रडली असती तर घरात निदान काही घडल्यासारखं वाटलं असतं.

गौरी गेल्या आणि आत्याच्या सासरचा माणूस आला. नवऱ्याचा पुतण्या. मुंबईत गाडी चालवायचा. त्याने सांगितलं की काकांना झटका आला, एक अंग गेलं, बोलणं जड झालं. दुसरी बाई कधीच सोडून गेली होती. "काकी, तुम्ही आलात तर टेन्शन नाय. आम्ही कोन तिकडं राहनार?"

आत्या काही बोलायच्या आत आई म्हणाली, "जायलाच पायजे. नवऱ्याचं घर हाय तुझं. इथं परसात आता तुझं काय काम उरलंय?"

आत्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "दूध काढायचं राहिलंय," आणि उठले.

मी तिला बाजूला घेतलं. "आत्या, माझ्याकडे चल. महाडला."

"तुझ्या सासूला काय सांगशील गो? कोन म्हनून आनलंस?" ती म्हणाली. "आनि तिथं मी करू काय? गॅलरीत उभी राहू?"

दुसऱ्या दिवशी ती ट्रंक घेऊन गेली. निघण्याआधी तिने मांडवाखाली जाऊन सगळ्या पडवळांचे दगड सोडले. माझ्या पोटावर हात ठेवायला तिने हात पुढे केला आणि आई बघतेय हे पाहून मागे घेतला. आठवडा झाला नसेल, नितीनने मांडव पाडला. फळांसकट. वाफ्यांचे दगड काढून त्यांचा पाया केला आणि हिरवी जाळी फणसापर्यंत नेली. आश्विनात मला मुलगी झाली, धडधाकट. आईने सगळ्यांना सांगितलं, बघा, मी जपलं म्हणून.

इतकी वर्षं मला वाटायचं की त्या पावसाळ्याची गोष्ट इथे संपते, आणि तीत कोण क्रूर होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. मग गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर मी मुलीला घेऊन आत्याला भेटायला गेले. इतके दिवस जमलं नव्हतं. तिच्याकडे फोन नव्हता आणि आईने तिचं नाव टाकलं होतं. आंबेनळीच्या रस्त्यावर उतरून पायवाटेने वर चढलो. घर शोधायला वेळ लागला नाही. वाडीतल्या प्रत्येक घरामागे काहीतरी हिरवं होतं, भोपळ्याचा वेल, केळ, मिरची. एकाच घराभोवती काही नव्हतं. गवतही नव्हतं. चांगली काळीभोर, भुसभुशीत जमीन, खरवडून काढलेली. पायरीशी खुरपं.

पडवीत खाटेवर तिचा नवरा होता. स्वच्छ धोतर, दाढी केलेली, अंगाला वास नाही. असा माणूस अंथरुणात इतका नीट ठेवणं किती कठीण असतं ते मी सासऱ्यांच्या आजारात पाहिलंय. आत्या वाळली होती, पण ताठ होती. मुलीला तिने बराच वेळ जवळ धरलं. मग म्हाताऱ्याने मला हाताने खूण केली आणि जड जिभेने म्हणाला, "तिला सांग... काकडी लाव... बारकीशी. खावंसं वाटतंय."

"ऐकलंस?" आत्या मला म्हणाली. "रोज मागतो. वेळेवर भात देते, आमटी देते, सुकी मासळी देते. भाजी पोलादपूरच्या बाजारातनं येते. उपाशी नाय ठेवत मी त्याला."

"पण जमीन एवढी चांगली आहे, आत्या."

"हायच चांगली. मीच केलेली. लग्नानंतर सात-आठ वर्सं इथं वाफे करत होते मी." ती त्याच्याकडे बघत, त्याला ऐकू जाईल असं सावकाश बोलत होती. "काकडी अशी लागली होती की वेल दिसत नव्हता. ह्याने म्हशी सोडल्या त्यात. मी आडवी गेले तर म्हनाला, वांझेच्या हातचं रुजून करायचं काय, खायला पोर हाय कोन? समोर उभं केलं मला. म्हशींचं खाऊन होईपर्यंत हलू दिलं नाय." मग ती माझ्याकडे वळली. "दर आठवड्याला खुरपते. एक काडी वर येऊ देत नाय. त्याची खाट मुद्दाम इकडं तोंड करून ठेवलीय."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. आईसारखी ती ओरडत नव्हती, त्यामुळे हे आईच्या रागाहून कितीतरी जास्त टिकणार होतं.

तेवढ्यात मुलगी दिसेना म्हणून मी पाहिलं. आत्याला द्यायला मी गच्चीवरच्या काकडीचं बी पुडीत बांधून आणलं होतं. ती पुडी घेऊन मुलगी त्या उघड्या जमिनीत उकिडवी बसली होती. गच्चीवर करते तसंच, बोटाने भोक, भोकात बी, वर माती. ओळीने. म्हाताऱ्याने डोळे उघडले होते. तो तिच्या बोटांकडे बघत होता आणि त्याच्या तोंडाची चांगली बाजू हसू लागली होती.

आत्या पायरी उतरली. खुरपं घेतलं. मुलीच्या शेजारी बसून तिने एकेक भोक उकरलं, एकेक बी चिमटीने काढलं आणि कोंबड्यांपुढे टाकलं. घाई नव्हती. मुलगी आधी खेळ समजली, मग रडायला लागली. "आजी, ते माझं आहे!"

"व्हय गो बाय, तुझंच हाय," आत्या म्हणाली. "तू आपल्या घरी लाव."

खाटेवरून आवाज येत होता. तो रडत होता की काही मागत होता, समजत नव्हतं. आत्याने उरलेली पुडी कोंबड्यांत झटकली, जमीन हाताने सपाट केली. मग मुलीला कडेवर घेऊन न्हाणीपाशी नेलं आणि तिचे हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतली, नखांखालची माती निघेपर्यंत ती पाणी ओतत राहिली. शेवटी दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

"झाले सोच्छ," ती म्हणाली. "चला, भात वाढते."